एक्झॉस्ट हेडरचे बोल्ट : जोर किती, ताण किती?



"आवळ अजून, सुटायला नको!" हे वाक्य वर्कशॉपमध्ये ऐकलं नाही असा मेकॅनिकलचा विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. म्हणणारा आपल्यातलाच असतो, आणि ते ऐकून पान्यावर लोंबकळणाराही आपल्यातलाच. मी स्वतः ही दोन्ही कामं मनापासून केली आहेत. त्याची किंमत म्हणून एक तुटलेला स्टड, दोन वाया गेलेले दिवस आणि एका मित्राची भयंकर डोकेदुखी एवढं पदरी पडलं. हा लेख त्या अनुभवावरचा आहे. मशीन डिझाइनच्या तासाला आपण बोल्टवर जी गणितं सोडवतो ती परीक्षेपुरतीच असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर तो जरूर वाचावा.

आधी काय घडलं ते

आमच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी चार सिलिंडरचं एक जुनं पेट्रोल इंजिन स्टँडवर बसवलं होतं. मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून आम्ही घरचाच हेडर बनवला. चार पाइप, एक फ्लँज, वेल्डिंग आमचंच. फ्लँज माइल्ड स्टीलची, १० मिमी जाड, ४०० मिमी लांब. प्रत्येक पोर्टला वर एक आणि खाली एक असे एकूण आठ स्टड, सगळे ८ मिमीचे. हेडर बसवला, हाताला 'बरोबर' वाटेपर्यंत नट आवळले आणि इंजिन चालू केलं. आवाज ऐकून हॉस्टेलची पोरं जमली, फोटो निघाले.

दोन दिवसांनी थंड इंजिन चालू केलं की 'टिक् टिक् टिक्' असा आवाज यायला लागला. पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं की तो कमी व्हायचा. आम्हाला वाटलं टॅपेटचा आवाज आहे. पावसाचे दिवस होते म्हणून शटर खाली ओढलेलं. एक्झॉस्टच्या शेवटच्या टोकाला रबरी नळी लावून ती खिडकीबाहेर काढली होती, त्यामुळे धुराची चिंता नाही असं आम्ही धरून चाललो. एक मित्र हेडरजवळ वाकून तासभर टॅपेटचा आवाज शोधत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "डोकं फार दुखतंय रे, मळमळतंय." मेसच्या जेवणावर बिल फाडून आम्ही पुढे काम करणार, तेवढ्यात वर्कशॉपमधले काका आले. त्यांनी आमच्याशी एक शब्द न बोलता आधी इंजिन बंद केलं, मग शटर वर केलं, मग मित्राला बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं. बोलले ते त्यानंतर.

"अरे, मागची नळी बाहेर काढली, पण धूर पुढेच गळतोय. ती नळी काय करणार?"

आवाज टॅपेटचा नव्हताच. हेडरची फ्लँज आणि हेड यांच्यामधून एक्झॉस्ट गॅस फुटत होता. पेट्रोल इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो. डोकेदुखी आणि मळमळ ही त्याची पहिली लक्षणं, पुढची बेशुद्धी आणि मृत्यू. काकांनी मित्राला डॉक्टरकडे पाठवलं, संध्याकाळपर्यंत त्याला बरं वाटलं. पण त्या दिवशी काका यायला अर्धा तास उशीर झाला असता तर काय, हा विचार आजही नको वाटतो.

आता यावर आम्ही काय केलं असेल? नट ढिले झाले होते म्हणून त्याच रात्री पान्यावर हातभर पाइप चढवून सगळे नट 'कायमचे' आवळले. सातवा झाला आणि आठव्याला, म्हणजे खालच्या ओळीतल्या शेवटच्या पोर्टच्या स्टडला, 'कट्' असा आवाज आला. नट, वायसर आणि अर्धा स्टड हातात. उरलेला अर्धा अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये.

दुसऱ्या दिवशी काका एवढंच म्हणाले, "आधी ढिलं ठेवून गळवलंत, मग जोर लावून तोडलंत. दोन्ही वेळा चूक एकच. बोल्ट काय काम करतो ते तुम्हाला माहीत नाही."

बोल्ट ही स्प्रिंग आहे

बोल्ट म्हणजे दोन वस्तू जोडणारा खिळा, असं आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात तो एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. नट फिरवला की बोल्ट लांबतो. तो पुन्हा मूळ लांबीवर यायला बघतो आणि त्या ओढीने फ्लँज हेडवर दाबली जाते. गॅस अडवतो तो हा दाब. आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण. टॉर्क हा त्या ताणापर्यंत पोचायचा फक्त एक आडमार्ग आहे.

आता आकडे घेऊ. ८ मिमी व्यासाचा, १.२५ मिमी पिचचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या. आट्यांमधून त्याचं ताण झेलणारं क्षेत्रफळ ३६.६ चौ. मिमी. या ग्रेडचा प्रूफ स्ट्रेस ५८० मेगापास्कल. म्हणजे कायमचा न लांबता तो साधारण २१ किलोन्यूटन ओढ झेलतो. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे त्याच्या ७५ टक्के धरले तर सुमारे १६ किलोन्यूटन. हा एक बोटाएवढा बोल्ट दीड टनाहून अधिक वजनाइतक्या ओढीने फ्लँज दाबून धरतो!

पण एवढ्या ओढीने तो लांबतो किती? फ्लँज, गॅस्केट आणि वायसर धरून नटाखालची लांबी २० मिमी समजा. हुकचा नियम लावला की उत्तर येतं ०.०४३ मिमी, म्हणजे ४३ मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस बहुतेक वेळा याहून जाड असतो.

सगळी मेख इथेच आहे. नवं गॅस्केट पहिल्यांदा तापलं की थोडं दबतं. फ्लँजवर राहिलेला रंग किंवा गंज जळतो, भुगा होतो. हे सगळं मिळून जोड फक्त २० मायक्रॉन बसला, तरी ढोबळमानाने बोल्टचा जवळजवळ अर्धा ताण संपला. नट एक अंशही मागे फिरलेला नसतो आणि तरी बोल्ट 'ढिला' झालेला असतो. आमच्या हेडरचं नेमकं हेच झालं होतं. घाईत आम्ही फ्लँजवरचा रंगसुद्धा काढला नव्हता.

उलट हाच बोल्ट ६० मिमी लांब असता आणि खाली जाड नळीसारखा स्पेसर असता, तर तो १२८ मायक्रॉन लांबला असता. मग त्याच २० मायक्रॉनने फक्त सहावा हिस्सा ताण गेला असता. खूप तापणाऱ्या जोडांवर काही ठिकाणी लांब बोल्ट आणि खाली स्पेसर का दिसतात, त्याचं उत्तर यात आहे. मी आजवर ते 'आखूड बोल्ट मिळाले नसतील म्हणून' समजत होतो!

टॉर्क जातो कुठे?

पुस्तकातलं सूत्र सगळ्यांना पाठ आहे : टॉर्क = घर्षणाचा गुणक × व्यास × ताण. कोरड्या, साध्या पोलादी बोल्टला गुणक ०.२ धरतात. १६ किलोन्यूटन ताणासाठी ८ मिमी बोल्टला सुमारे २५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो.

आता आट्यांच्या चढाचा हिशेब करा. नट एक फेरा फिरला की १.२५ मिमी पुढे जातो. घर्षण अजिबात नसतं तर १६ किलोन्यूटनसाठी फक्त ३ न्यूटन-मीटर पुरले असते. म्हणजे २५ पैकी २२ न्यूटन-मीटर निव्वळ घर्षणात जातात. साधारण अर्धे नटाच्या तोंडाखाली, उरलेले बरेचसे आट्यांमध्ये. कामाचा टॉर्क आठवा हिस्सासुद्धा नाही म्हणा ना!

म्हणून घर्षण थोडं बदललं की ताण खूप बदलतो. तोच २५ न्यूटन-मीटर तीन बोल्टांना लावून बघू.

कोरडा, स्वच्छ बोल्ट, गुणक ०.२ : ताण सुमारे १६ किलोन्यूटन. ठीक.

गंजलेला, आट्यांत काजळी भरलेला बोल्ट, गुणक ०.३ : ताण साधारण १० किलोन्यूटन. हाताला कडक लागतो, पण आतून ढिला. गळणार.

आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावलेला बोल्ट, गुणक ०.१३ : ताण २४ किलोन्यूटन. प्रूफ लोड ओलांडला. बोल्ट कायमचा लांबला, पुढे केव्हातरी तुटणार.

रेंच तीच, आकडा तोच, हातही तोच, आणि तीन बोल्टांचं नशीब तीन तऱ्हेचं. म्हणून मॅन्युअलमध्ये टॉर्कचा आकडा बघताना तो कोरड्या आट्यांचा आहे की तेल लावलेल्या, हेही बघायचं. मॅन्युअल कोरडं म्हणत असेल आणि तुम्ही अँटी-सीझ लावणार असाल, तर टॉर्क कमी करावा लागतो. किती, ते त्या ग्रीसच्या माहितीपत्रकात पाहावं.

आणि आमचा पाइप? १३ नंबरचा साधा पाना साधारण १५० मिमी लांब असतो. २५ न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकाला १७ किलोइतका जोर पुरतो. पान्याची लांबी उगाच ठरलेली नाही. त्या बोल्टला किती सोसेल याचा अंदाज त्या लांबीतच आहे. त्यावर पाइप चढवून लांबी ४५० मिमी केली की त्याच १७ किलोचे ७५ न्यूटन-मीटर होतात. आम्ही तर दोघं लोंबकळत होतो. स्टड तुटला यात नवल नाही, बाकीचे सात कसे वाचले हेच नवल. खरं तर वाचले नव्हतेच. नंतर काढून जुन्या स्टडशेजारी धरले तेव्हा त्यातले तीन लांबलेले दिसले, आट्यांची पिच उघड्या डोळ्यांना ताणलेली कळत होती. आठही बदलावे लागले.

हेडरचंच एवढं कौतुक का?

कोणी म्हणेल, हे तर सगळ्याच बोल्टांना लागू आहे. खरं आहे. पण हेडरचा जोड जास्त छळतो, कारण तो तापतो आणि प्रसरण पावतो.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि कूलंटमुळे ते साधारण १०० अंशांच्या आसपास राहतं. हेडरची फ्लँज मात्र त्याहून बरीच तापते. आमची ४०० मिमीची फ्लँज ३० वरून ३०० अंशांपर्यंत गेली असं धरलं तर ती सुमारे १.३ मिमी वाढते. तेवढ्याच लांबीचं हेड १०० अंशांपर्यंत ०.६५ मिमी वाढतं. फरक उरला ०.६५ मिमी. मधोमध स्थिर धरलं तर प्रत्येक टोकाला फ्लँज ०.३ मिमीहून थोडी जास्त सरकायला बघते. इंजिन चालू केलं की बाहेर, बंद केलं की आत. दर वेळी.

म्हणून चांगल्या मॅनिफोल्डमध्ये मधली भोकं नेमकी आणि टोकाची भोकं थोडी मोठी किंवा लांबट असतात, म्हणजे फ्लँजला सरकायला वाव मिळतो. आम्ही काय केलं होतं? 'फिटिंग टाइट पाहिजे' म्हणून आठही भोकं ८.२ मिमीची मारली. टोकाला सरकायला जागाच नाही, मग फ्लँज स्टडला वाकवणार. टोकाचे स्टड बहुधा आधी का तुटतात, याचं कारण हे. आमचा आठवा स्टड पाइपच्या जोराने तुटला, पण त्याला आधीच्या दोन दिवसांत फ्लँजनेही वाकवून ठेवलंच असणार. आता टोकाची भोकं आम्ही लांबट केली आहेत.

उष्णतेमुळे आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. नायलॉनची रिंग असलेला लॉकनट इथे चालत नाही, ती रिंग वितळते. साधा स्प्रिंग वायसरही उष्णतेने आपला ताठपणा घालवतो. इथे पूर्ण धातूचे लॉकनट वापरतात, बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेले. आणि स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या स्टडवर कोरडा आवळला तर आटे एकमेकांत रुतून बसतात, तिथे अँटी-सीझ हवंच.

आवळायची रीत

आता मुख्य काम. खालचा क्रम आम्ही काकांच्या देखरेखीखाली पाळला.

१. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम हेडवर आवळलेला टॉर्क आणि मॅन्युअलमधला टॉर्क यांचा मेळ बसत नाही. शिवाय गरम अ‍ॅल्युमिनियमचे आटे नाजूक असतात. रात्री काम करायचं तर संध्याकाळी इंजिन चालवू नका, सोपं आहे.

२. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करा. हेडवरचं जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा. अ‍ॅल्युमिनियमवर पोलादी पातं चालवलं की ओरखडा उठतो आणि गॅसला तीच वाट मिळते. फ्लँजवरचा रंग, गंज, वेल्डिंगचे थेंब सगळं निघालं पाहिजे.

३. फ्लँज सपाट आहे का बघा. सरळ पट्टी उभी धरून खाली फीलर गेज घालून बघायचं. वेल्डिंगने फ्लँज वाकतेच. आमची मध्ये अर्धा मिमी उचललेली होती. बोल्ट आवळून ती सरळ करू असं म्हणू नका, बोल्टची सगळी ताकद फ्लँज वाकवण्यात जाईल आणि गॅस्केटला काही उरणार नाही. मशीन शॉपमध्ये नेऊन फेसिंग करून घ्या.

४. आटे साफ करा. स्टडला वायर ब्रश, हेडमधल्या भोकाला आटे साफ करायचा टॅप आणि मग हवेचा झोत. नवे आटे कापणारा टॅप जोराने घालू नका, अ‍ॅल्युमिनियम खरवडलं जातं आणि आटे सैल होतात. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मध्येच अडला तर तिथेच थांबा आणि कारण शोधा.

५. गॅस्केट नवं घ्या. जुनं एकदा दबलेलं असतं, ते पुन्हा तसं दबत नाही. वरून नेहमीचा सिलिकॉन सीलंट चोपडू नका, इथल्या उष्णतेत तो जळून जातो.

६. आठही नट आधी हाताने लावा. एकही पाना हातात घ्यायच्या आत सगळे नट बोटांनी बसलेले हवेत. एक नट आधी घट्ट केला तर फ्लँज तिरपी बसते आणि समोरचा स्टड भोकात अडकतो.

७. मधून बाहेर, तिरके, तीन फेऱ्यांत. आधी दोन आणि तीन नंबरच्या पोर्टचे नट, एक वरचा, मग तिरका खालचा. त्यानंतर एक आणि चार नंबरच्या पोर्टचे, तेही तिरके. आमच्या इंजिनाचा आकडा २२ न्यूटन-मीटर होता. पहिली फेरी ८, दुसरी १५, तिसरी २२. मधून सुरुवात केली की गॅस्केट मधून टोकाकडे सपाट होत जातं. टोकं आधी आवळली तर मध्ये फुगवटा अडकून बसतो. अशा वेळी मधले नट टॉर्क दाखवतात, पण तो टॉर्क फुगवटा दाबण्यातच गेलेला असतो.

८. शेवटी त्याच क्रमाने एक तपासणीची फेरी. शेजारचा नट आवळला की आधीच्याचा ताण थोडा उतरतो, म्हणून ही फेरी लागते.

९. इंजिन चालवा, तापू द्या, पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा तपासा. नवं गॅस्केट पहिल्या तापण्यात बसतं हे वर आलंच आहे. गॅस्केटच्या किंवा इंजिनाच्या माहितीत पुन्हा टॉर्क लावू नये असं स्पष्ट लिहिलं असेल तर मात्र त्यांचं ऐका.

एक सूचना. वरचे ८, १५, २२ हे आकडे आमच्या इंजिनाचे आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच खरा. गणिताने २५ येत होते आणि मॅन्युअल २२ म्हणत होतं, कारण स्टडचं दुसरं टोक अ‍ॅल्युमिनियममध्ये आहे आणि जोड तापणारा आहे. गणिताने 'का' कळतं, 'किती' ते मॅन्युअल सांगतं.

टॉर्क रेंच म्हणजे हातोडी नव्हे

ही हत्यारं आपल्या वर्कशॉपच्या कपाटात कुलपात असतात, ते बरंच आहे. टॉर्क रेंचने नट सोडवायचे नाहीत. एकसारखं, सावकाश ओढायचं. 'टक्' झालं की थांबायचं. खात्रीसाठी तीन वेळा टक्-टक् करणारे महाभाग दर वेळी थोडा टॉर्क वाढवत असतात. काम झालं की सेटिंग सर्वांत खालच्या खुणेपर्यंत आणून ठेवायचं, नाहीतर आतला स्प्रिंग दबलेला राहून रेंच खोटं बोलायला लागते.

हेडरच्या पाइपांमुळे काही नटांवर सॉकेट बसतच नाही. तिथे रेंचच्या पुढे उघड्या तोंडाचा जोडपाना लावावा लागतो. त्याने रेंचची लांबी वाढते, म्हणजे नटाला दाखवलेल्यापेक्षा जास्त टॉर्क मिळतो. हिशेब सोपा आहे : सेटिंग = हवा असलेला टॉर्क × रेंचची लांबी ÷ एकूण लांबी. आमची रेंच मुठीपासून टोकापर्यंत ४०० मिमी, जोडपाना ४० मिमी पुढे. २२ × ४०० ÷ ४४० = २०. म्हणून तिथे सेटिंग २० ठेवलं. जोडपाना रेंचला काटकोनात लावला तर ही दुरुस्ती जवळजवळ लागत नाही. सॉकेटखालचा सरळ एक्स्टेन्शन रॉड कितीही लांब असला तरी टॉर्क तोच राहतो, कारण तो नटाच्या अक्षावरच असतो. व्हायवाला हा प्रश्न हमखास विचारण्यासारखा आहे, परीक्षकांना सांगू नका!

गळती कशी ओळखाल?

थंड इंजिनावर टिक् टिक्, तापल्यावर आवाज कमी : ही पहिली खूण. फ्लँज प्रसरण पावून फट थोडी मिटते, म्हणून आवाज कमी होतो, गळती सुधारलेली नसते. दुसरी खूण म्हणजे जोडाच्या कडेला काळी काजळीची रेघ. तिसरी, थंड इंजिन नुकतंच चालू करून जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं तर बुडबुडे येतात. हे फक्त थंड असतानाच करायचं, आणि शटर उघडं ठेवून, हे सांगायला नकोच.

ज्या गाड्यांना एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो त्यांना आणखी एक त्रास होतो. एक्झॉस्टचा दाब ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो इतका घसरतो की फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कंट्रोलर पेट्रोल वाढवतो. गाडी तेल पिते, प्लग काळे होतात आणि आपण इंजेक्टर साफ करत बसतो.

चालत्या गाडीत तर धोका सरळ आपल्याला. बॉनेटखाली गळलेला गॅस हवा आत घेण्याच्या जाळीतून केबिनमध्ये येऊ शकतो. काचा बंद, आत झोपलेले प्रवासी, आणि गॅसला वास नाही. एका नटाची किंमत ती काय?

आणि तुटलाच तर

घाबरून ड्रिल मशीन हातात घेऊ नका. आधी गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर राहू द्या. स्टडचा तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. वेल्डिंगची उष्णता गंजाची पकड सोडवते आणि नटामुळे पान्याला धरायला जागा मिळते. आमचा असाच निघाला, पण दोन दिवस आणि तीन नट गेले. आत तुटलेल्या स्टडमध्ये बारीक भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालतात. तो स्वतःच आत तुटला तर मात्र कठीण, कारण त्याच्या कडक पोलादावर साधं ड्रिल चालत नाही. तिथे अनुभवी हातच हवा. हेडमधले आटे गेले असतील तर मोठ्या मापाचे आटे कापून त्यात तारेची गुंडाळी बसवता येते. ती नीट बसवली तर नुसत्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा चांगली टिकते.

शेवटी

आमचा हेडर पुन्हा बसला त्या दिवशी आठवा नट काकांनी मला आवळायला दिला. तिसऱ्या फेरीत 'टक्' झालं. हात सवयीने अजून थोडा ओढायला निघाला, आणि काकांनी फक्त माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. त्यानंतर इंजिन चालवलं, थंड केलं, पुन्हा तपासलं. टिक् टिक् नाही, काजळी नाही. ज्या मित्राचं डोकं दुखलं होतं तोच साबणाचं पाणी घेऊन बसला होता. एकही बुडबुडा आला नाही. शटर मात्र या वेळी पूर्ण वर होतं, भर पावसात.

तेव्हापासून आमच्या कोपऱ्यातल्या फळ्यावर आम्ही दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. ज्युनिअर मंडळी हसतात, पण पुसत नाहीत :

आधी शटर उघडा.
पान्याला पाइप लावू नका.

(लेखक यंत्र अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात शिकतो.)